डेस्कटॉपवरचे धवले

आमच्या घरात आवाज होता तो आईचा. बाबा जासईच्या कंटेनर यार्डात क्रेनवर होते. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज ऐकून आलेला माणूस घरी येऊन कशाला बोलेल? ते जेवायचे, हात धुवायचे आणि टीव्हीसमोर डोळे मिटून बसायचे. दादा बोलायचा तो मोबाइलवर. मी तोंड उघडलं की "तू अभ्यास कर" एवढंच ऐकायला मिळायचं. आईला मात्र कोणी अडवू शकत नसे. ती मार्केटात मासळी विकायची आणि दुपारी रिकामी टोपली घेऊन आली की खालूनच हाक मारायची, "वैशेऽ, दार उघड गो!" आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खांदा कॉलनीतल्या त्या बिल्डिंगीत बाकी सगळी ऑफिसात जाणारी माणसं, त्यांना दाराची बेल ठाऊक होती. पहिल्या मजल्यावरच्या काकू एकदा गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, जरा हळू. आमचे हे झोपलेले असतात." आई म्हणाली, "झोपूद्या की, मी काय त्याना उठवताव?" मी लाजेने अर्धमेली झाले. अकरावीतल्या मुलीला लाजायला निमित्त लागत नाही. मग ती भाकऱ्या थापायला बसायची, करंदीचं सुकं चुलीवर असायचं, म्हणजे गॅसवर, पण ती त्याला चूलच म्हणायची, आणि थापायच्या तालावर गुणगुणायची.

हे गुणगुणणं साधं नव्हतं. आई धवलारीण होती. आमच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळद लावायला, मांडव घालायला, नवरदेवाला न्हाऊ घालायला, प्रत्येक गोष्टीला त्या-त्या वेळचं गाणं असतं, तो धवला. तो गाते ती धवलारीण. ती आली नाही तर हळदीचं भांडं तसंच बाजूला राहतं, कोणी हात लावत नाही. नवरा-नवरीची, मामा-मामींची नावं गाण्यात गुंफायची, रुसलेल्या आत्याला दोन ओळींत चिमटा काढायचा, हे सगळं तिने जागच्या जागी रचायचं. आईला अक्षर येत नव्हतं, सही तेवढी यायची. सगळं तोंडात. उरणपासून पनवेलपर्यंतच्या गावांतून तिला बोलावणी यायची आणि तुळसाकाकी ही तिची जोडीदारीण दर वेळी सोबत असायची.

आवाज आधी घोगरा झाला. उन्हाळी लग्नांत गाऊन गाऊन बसला असेल असं सगळे म्हणाले. आल्याचा रस झाला, हळदीचं दूध झालं. आई मिश्री लावायची, सकाळ-संध्याकाळ, तळहातावर काळी भुकटी घेऊन. दादा ओरडायचा, ती डबी लपवायची. मुंबईच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की कॅन्सर आहे, आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, पण बोलता येणार नाही. बाबांनी विचारलं, "थोडा तरी?" डॉक्टर चांगले होते, त्यांनी खोटं सांगितलं नाही. परतताना टॅक्सीत आई खिडकीतून खाडी बघत होती आणि मध्येच म्हणाली, "आता रुप्याचे हलदीला कोन गाल?" रुप्या म्हणजे माझा दादा, रूपेश. त्याचं लग्न तेव्हा ठरलेलंसुद्धा नव्हतं.

दादा यार्डाच्या ऑफिसात कागदपत्रं टाइप करायला होता. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि त्याने एक वापरलेला लॅपटॉप आणला, जड, काळा, एका कोपऱ्यात टवका उडालेला. "आये, तुजे सगले धवले यात भरून ठेवू," तो म्हणाला. मग रोज दुपारी आमच्या घरात शूटिंग असल्यासारखा बंदोबस्त. पंखा बंद, खिडक्या बंद, कुकर लावायचा नाही, फ्लशसुद्धा ओढायचा नाही. आई घामाने भिजून लॅपटॉपसमोर मांडी घालून बसायची आणि त्याच्याकडे बघून लाजायची, पाहुणा बसलाय जणू. "माझा गला फाटलाय रं," ती म्हणायची. "फाटू दे, तू गा," दादा म्हणायचा. गळा फाटला होता हे खरंच. वरच्या पट्टीत आवाज चिरायचा, मध्ये खोकला यायचा, आणि नेमकी त्याच वेळी खाली भाजीवाल्याची हाक. दादा काही कापायला तयार नव्हता. आज मला वाटतं, तेच बरोबर होतं.

दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी आईने आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. "तुमी जावा. यो रुप्याचे हलदीचा हाय, तवाच ऐकाचा." दादाने तिला लाल गोल बटण दाखवलं, कुठे दाबायचं, गाऊन झालं की पुन्हा कुठे दाबायचं. आम्ही जिन्यात बसलो. मी दाराला कान लावला, पण शेजारच्यांनी तेव्हाच मिक्सर सुरू केला, ओल्या खोबऱ्याचं वाटण बराच वेळ चालतं. दार उघडलं तेव्हा आईचे डोळे लाल होते आणि ती म्हणाली, "चा ठेव गो." मी तो धवला कधी ऐकला नाही. दादानेही नाही. तिने सांगितलं होतं की हळदीला ऐकायचा, म्हणजे हळदीलाच.

ऑपरेशन झालं. गळ्यात एक भोक राहिलं, श्वास त्यातून चालायचा. त्यावर ती मलमलीचा पांढरा रुमाल बांधायची, श्वासाबरोबर तो हलायचा. दवाखान्यात गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दाखवलं होतं. आईने ते एकदा लावून माझं नाव घेतलं, स्वतःच दचकली आणि यंत्र कपाटात टाकलं ते टाकलंच. हाक मारायची तर टाळी वाजवायची. एक टाळी मला, दोन दादाला, बाबांसाठी पातेल्यावर पळी. मार्केटातली जागा मावशीकडे गेली, कारण मुकी कोळीण मासे विकणार कशी? भाकऱ्या थापताना आता फक्त थापण्याचा आवाज यायचा आणि मला तो सहन व्हायचा नाही, मी मुद्दाम रेडिओ लावायचे.

दुपारी जेवणं झाली की मात्र ती लॅपटॉप उघडायची. दादाने शिकवलं होतं, हे बटण दाब, थांब, पडदा आला की माशाच्या चित्रावर दोनदा टिचकी. आईला वाचता येत नव्हतं म्हणून त्याने सगळे धवले एका फोल्डरमध्ये घालून त्याला पापलेटाचं चित्र दिलं आणि ते पडद्याच्या बरोबर मध्ये ठेवलं. आई स्वतःच ऐकायची, ओठ हलवायची, चुकलेल्या जागी कपाळाला हात लावायची. घर रिकामं असेल तर तो एकटा धवलाही लावत असावी, कारण मी कॉलेजातून आले की कधी कधी ती घाईघाईने झाकण मिटायची.

दादाचं लग्न पुढच्या वर्षी ठरलं, मुलगी ओवे गावची, हळद दिवाळीनंतर. दादाने जाहीर करून टाकलं की माझ्या हळदीला माझी आईच गाणार, मोठ्या स्पीकरवर. पेनड्राइव्हवर घेऊ ना, लग्नाच्या आठवड्यात घेऊ, असं तो म्हणायचा. घरात कामं कमी होती का? पत्रिका, साड्या, मांडववाला. कोणाला शंका यावी असं काही नव्हतं, लॅपटॉप रोज चालत होता.

दसऱ्याला आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा होते. पाटावर आईची मासे कापायची विळी, तराजू, बाबांचं हेल्मेट, बिल्डिंगीखाली दादाची मोटारसायकल. त्या वर्षी आईने पाटाच्या मधोमध लॅपटॉप ठेवला. झाकण उघडून ठेवला, कारण तिचा आवाज आतून येत होता, झाकणातून नव्हे. झेंडूची फुलं वाहिली. उंबऱ्याला ओढतात तशी ओल्या हळदी-कुंकवाची बोटं बटणांच्या वरच्या ओळीवर ओढली. आणि मग नारळ फोडून त्याचं पाणी तिने ओंजळीतून शिंपडलं, होडीच्या नाळेवर, तिच्या पुढच्या टोकावर, शिंपडतात तसं. माझ्या मामांच्या होडीला ती लहानपणापासून असंच करत आली होती. ज्याच्यावर घर चालतं त्याला नारळाचं पाणी द्यायचं असतं. हात जोडून ती बराच वेळ उभी होती. मला तेव्हा ते फार छान दिसलं, मी मोबाइलवर फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक टाळी झाली. मी गेले तर आई पडद्याकडे बोट दाखवत होती. पापलेट नव्हतं. निळ्या-राखाडी पाटीवर इंग्रजी अक्षरांच्या रांगा, वर तारीख आणि घड्याळ. बंद करून चालू केला, पुन्हा तेच. दादा ऑफिसातून आला आणि बघून म्हणाला, "हे बायोस आहे. लॅपटॉप चालू होताना आधी हे जागं होतं, मग हे विंडोजला उठवतं. चालू करताना एफ-टू दाबलं तर असं आत शिरायला होतं."

"पण कोणी दाबलंच नाही," मी म्हटलं.

त्याने लॅपटॉप उजेडाकडे तिरका धरला. एफ-टूच्या कडेने पिवळी चिकट रेघ होती. बटण वर दिसत होतं, पण आत नारळाचं पाणी सुकून ते दाबल्यासारखंच बसलं होतं. म्हणजे दर वेळी यंत्राला वाटायचं, कोणीतरी सेटिंग उघडायला सांगतंय. दादाने आईकडे पाहिलं. आई हसली, तिला वाटलं आता नीट होईल.

खरं म्हणजे एवढ्यावर थांबायचं होतं. आता माझं नवीन पनवेलला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, केस पिकायला लागले आहेत आणि कीबोर्डमध्ये काय काय सांडतं ते सगळं मी पाहिलंय. चहा, उसळ, गंगाजल. अशा वेळी बंद करायचा, बॅटरी काढायची, बटण काढून पुसायचं, बाहेरचा कीबोर्ड जोडायचा. पण घरातल्या माणसाला धीर कुठला? दादा बाणांच्या बटणांनी त्या निळ्या पाटीवर फिरत राहिला. त्याला वाटलं, हा विंडोज शोधत नाहीये, म्हणून सुरू व्हायचा क्रम बदलून पाहिला. तो परत लावला. मग हार्ड डिस्कशी कसं बोलायचं याची एक ओळ असते, साटा मोड म्हणतात, ती त्याने बदलली, जतन केली आणि बाहेर आला. नंतर आम्ही कापसाच्या काडीने स्पिरिट लावून बटण साफ केलं. ती पाटी यायची थांबली. आम्ही टाळ्या वाजवल्या, आईने तर जोरात. मग विंडोजचं चिन्ह आलं, निळा पडदा क्षणभर चमकला आणि लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. असं चक्र लागलं. ती एक ओळ मागे फिरवली असती तर पापलेट जागेवर होतं. काही बिघडलेलंच नव्हतं. हे मला कळायला पुढे चार पुस्तकं वाचावी लागली, आणि ज्या दुपारी कळलं त्या दुपारी मी दुकानाचं शटर ओढून आत बसून रडले.

दादा लॅपटॉप पनवेलमधल्या एका दुकानात घेऊन गेला, मी सोबत होते. दुकानदार भला माणूस, पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत अडकलेला. त्याने एकदा चालू करून पाहिला आणि म्हणाला, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावा लागेल. एकदम नवा होऊन मिळेल." आमच्याकडे त्या काळी प्रत्येक दुखण्यावर हेच औषध होतं, माझ्या शेजारच्या दुकानात अजूनही आहे.

"आईची रेकॉर्डिंग आहेत यात, ती जायला नकोत," दादा म्हणाला.

"कुठल्या ड्राइव्हला आहेत? सी का डी?"

"डी."

"मग टेन्शन नाही. विंडोज सीमध्ये असतं. मी फक्त सी उडवतो, डीला हात लावत नाही."

त्याने शब्द पाळला, डीला हात लावला नाही. संध्याकाळी लॅपटॉप घरी आला. आईने ओले हात पदराला पुसले आणि समोर बसली. बटण दाबलं. झटकन सुरू झाला, पूर्वीपेक्षा लवकर. निळा पडदा, कोपऱ्यात एक केराची टोपली, बाकी काही नाही. आईने पडद्याच्या मध्यावर बोट टेकवलं, जिथे पापलेट असायचं तिथे. काचेवर दोनदा टिचकी मारली. मग दादाकडे पाहिलं.

"थांब, डीमध्ये आहे," तो म्हणाला. डी उघडलं. त्याचे कॉलेजचे फोटो होते, सिनेमाची गाणी होती, यार्डाच्या क्रिकेट टीमचा व्हिडिओ होता. तो वर-खाली फिरत राहिला आणि मग त्याचा हात थांबला. धवले डीमध्येच होते, आधी. आईला सापडावेत म्हणून त्यानेच ते फोल्डर उचलून बाहेर समोर आणून ठेवलं होतं. आणि समोर दिसणारं सगळं, डेस्कटॉप म्हणतात ते, सीमध्ये असतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, त्या घाईत सुचलं नाही.

तो आईवर ओरडला. "कोनी सांगितला होता नारळ फोराला! होडी हाय काय ती?"

आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. जन्मभराची सवय, कोणी एक बोललं की ती चार बोलायची. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि गळ्यावरचा रुमाल फक्त फडफडला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा रुमाल. बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी दादाला हात लावला नाही, एवढंच म्हणाले, "रुप्या, आता गप." दादा जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. आईने त्याचं डोकं आपल्या मांडीवर ओढलं. तिच्या बोटांना अजून हळदीचा पिवळा रंग होता.

पुढे दादाने ती डिस्क मुंबईला नेली, डेटा परत काढून देणाऱ्यांकडे. नव्या विंडोजने बरीच जागा व्यापली होती. काही फायली निघाल्या, लावल्या तर नुसती खरखर. शिकल्यावर मीही ती डिस्क हातात घेतली, एकदा नाही, अनेकदा. खरखर ऐकत बसायचे, तिच्यात काही चढ-उतार ऐकू येतो का म्हणून. येत नाही. तो हळदीचा धवला ओठांवरून समजून घ्यायचा प्रयत्न लग्नाआधी आम्ही केला. "तू हळूहळू म्हण, मी लिहून घेते," मी म्हटलं. आईने नाही म्हणून मान हलवली. हळदीआधी म्हणायचा नव्हता तो, तिचं ठरलेलं होतं, आणि तिच्यापुढे कोणाचं चाललं होतं?

हळदीला तुळसाकाकी गायला आली. तिचा आवाज थकला होता, तरी तिने मांडवाचा धवला म्हटला, तेलाचा म्हटला, हळद कुटायचा म्हटला. आई हिरवी साडी नेसून, गळ्याला नवा रुमाल बांधून तिच्या शेजारी उभी होती. आमच्यात धवलारीण एक ओळ म्हणते, थांबते, आणि जमलेल्या बायका तीच ओळ उचलून परत म्हणतात, मग ती पुढची देते. मीही त्या बायकांत होते. वरमायेने नवरदेवाला पहिली हळद लावायची वेळ आली तेव्हा तुळसाकाकी गाता गाता थांबली. या वेळचा धवला ती म्हणू शकली असती, तिच्याकडे जुना होता. पण तिने आईच्या हाताला धरून तिला पुढे केलं आणि म्हणाली, "यो तुजा हाय बाय. म्हण तू."

मांडवात पोरं दंगा करत होती, कोणीतरी त्यांना गप्प केलं. आईने हळदीत बोटं बुडवली, दादाच्या गालाला लावली आणि तिचे ओठ हलायला लागले. मी डोळे फाडून बघत होते. "रूपेश" कळलं, "खाडी" असावं, मग काहीच कळेना, ओठ भराभर चालले होते. दादा मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याच्या गालावरची हळद ओघळत होती. एक ओळ संपली. आई थांबली आणि आमच्याकडे वळली, आम्ही ती उचलायची म्हणून. आम्ही सगळ्या तोंडं उघडी ठेवून उभ्या होतो. आम्हाला ओळ माहीत नव्हती. ती म्हणायला आम्हाला लागला असता तेवढा वेळ तिने दिला, नेहमी द्यायची तेवढाच, आणि पुढची ओळ सुरू केली.